वाघबारस आणि खानदेशचा हरवलेला हत्ती

दिवाळीचा पहिला दिवा आपण वसुबारसेला लावतो. आश्विन वद्य द्वादशीच्या संध्याकाळी घरची लक्ष्मी गोठ्यात जाऊन सवत्स गाईला ओवाळते, आणि मग फराळाच्या डब्यांची झाकणे उघडतात. परंतु त्याच तिथीला साक्री तालुक्याच्या पश्चिम डोंगरांत, आणि तिथून खाली डांग-सुरगाण्यापर्यंत, कोकणा व इतर आदिवासींच्या पाड्यांवर दुसऱ्याच दैवताची पूजा चालते. तिथे त्या दिवसाचे नाव वाघबारस. पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा दगड नाहीतर कोरलेली लाकडी फळी उभी असते. तिला शेंदूर लागतो. गुराखी पोरे घरोघर हिंडून दाणे मागून आणतात, रानातच शिजवून खातात, आणि एखादा पोर वाघ होऊन धावतो तर बाकीची त्याच्या मागे लागतात.

एकाच तिथीला सपाटीवर गाय पुजावी आणि डोंगरात वाघ पुजावा, ह्यात वरवर केवढा विरोध दिसतो! पण मागणे दोघांचे एकच आहे. गोठा भरलेला राहू दे. आणि वाघदेवाजवळ कोणी वाघाचे मरण मागत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तू तुझ्या रानात राहा, आमच्या गुरांकडे वळू नकोस, एवढाच हा करार असतो. करार पाळायचा तर वाघाला ‘त्याचे रान’ शिल्लक असले पाहिजे, हे त्यात न बोलता आलेच.

ह्या फळ्यांवर वाघ असतो, नाग असतो, सूर्यचंद्र असतात, क्वचित मोरही असतो. हत्ती मात्र माझ्या पाहण्यात आला नाही. ज्याच्याशी करार करावा एवढा तो जवळ राहिलाच नाही. तो केव्हा गेला आणि कां गेला, हे शोधू लागले की खानदेशच्या जमिनीचा सारा इतिहासच हाताला लागतो.

फार मागे जायचे तर चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे जावे लागेल. तिथे एस. ए. साळी ह्या पुरातत्त्वज्ञांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे मणी सापडले आणि रेघोट्या कोरलेला कवचाचा एक तुकडाही मिळाला. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आज आपण आफ्रिकेचा म्हणून जो पक्षी ओळखतो, तो त्या काळी गिरणेच्या खोऱ्यात धावत होता! कोणत्याही प्रदेशाचे प्राणी कायमचे नेमून दिलेले नसतात, हे समजायला एवढा एक मणी पुरे आहे.

त्याच डोंगररांगेत, पाटणादेवीच्या वरच्या अंगाला, पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या त्या कारागिरांनी एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली. दगडातले हत्ती पुष्कळ ठिकाणी असतात, पण ह्यांच्याकडे पाहिल्यावर कारागिराने हत्ती ऐकून नव्हे तर पाहून घडवला, ह्याची खात्री पटते. कौटिल्याचे अर्थशास्त्र तर हत्तींची प्रतवारीच लावते. कलिंग व अंग देशचे हत्ती उत्तम, दशार्ण व अपरांताचे मध्यम, सुराष्ट्राचे कनिष्ठ. अपरांत म्हणजे आपले कोकण, सुराष्ट्र म्हणजे काठेवाड, आणि खानदेश ह्या दोहोंच्या शेजारचा. नर्मदा आणि तापीची खोरी ओलांडल्यावाचून ह्या मुलखांतले हत्ती एकमेकांना भेटणार कसे? तापीकाठच्या दाट झाडीत त्या काळी हत्तींचे कळप उतरत असले पाहिजेत, असे मला ह्यावरून वाटते.

पुढे खानदेशचे राज्य म्हणून जे उभे राहिले, त्याच्या जन्मकथेतही हत्ती आहेत. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजा फारुकीला थाळनेर व करवंद हा मुलूख दिला. थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव. फारुकी घराण्याची जुनी थडगी अजून तिथे उभी आहेत. ह्या मलिक राजाने बागलाणच्या राजावर स्वारी करून खंडणी घेतली, आणि तीत पाच मोठे व दहा लहान हत्ती होते, असे फरिश्ता लिहितो. ते शृंगारून दिल्लीला पाठवले, तेव्हा कुठे बादशहा संतुष्ट झाला. पुढे दोन शतके चाललेल्या एका राजवटीचा पाया पंधरा हत्तींवर घातला गेला म्हणा ना! आज ज्या साक्री-पिंपळनेरच्या डोंगरांत वाघबारस होते, तो भाग ह्याच जुन्या बागलाणच्या कुशीतला आहे.

मोगलांच्या काळी हत्ती थोडे उत्तरेकडे सरकलेले दिसतात. अकबराने १६०१ च्या जानेवारीत अशीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. त्या सुमाराच्या ऐन-इ-अकबरीत रानटी हत्ती कोठे कोठे मिळतात ह्याची जी यादी आहे, तिच्यात बिजागड आहे. बिजागडचा किल्ला आजच्या खरगोण जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत येतो. म्हणजे आपल्या यावल-चोपड्याच्या पाठीमागेच. सातपुड्याचा उत्तर उतार हत्तींचा, तर दक्षिण उतारावर ते कधीच आले नसतील, असे मानायला हत्ती काही नकाशा वाचून चालत नाही. जहांगीर १६१८ साली गुजरातेतून परतताना दोहदच्या रानात हत्ती धरण्यासाठी थांबला आणि दीडशेहून अधिक हत्ती त्याच्या माणसांच्या हाती लागले. त्याच वर्षी त्याच दोहदला औरंगजेब जन्मला. आज दोहदच्या रानात हत्ती आहे म्हटले तर लोक हसतील.

ह्याच अबुल फजलने खानदेश सुभ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून आपला ऊर भरून येतो. पडीक जमीन थोडी, खेडी अशी की शहरेच वाटावी, रयत कष्टाळू, ज्वारी उत्तम. आणि मग तो सहज एक वाक्य टाकतो. ह्या मुलखातले कोळी, भिल्ल, गोंड ह्यांच्यापैकी काहीजण हिंस्र श्वापदांना माणसाळवतात, ती त्यांचा हुकूम पाळतात, आणि त्यांच्याविषयी चमत्कारिक गोष्टी सांगितल्या जातात, असे तो म्हणतो. दरबारी माणसाने ऐकीव गोष्ट लिहून ठेवली, हे उघडच आहे. पण ऐकीव गोष्टीतही एक माहिती असते. भरल्या शेतांचा खानदेश आणि श्वापदांशी बोलणाऱ्या माणसांचा खानदेश त्या काळी शेजारी शेजारी नांदत होते, आणि एकाने दुसऱ्याला गिळलेले नव्हते.

ही घडी मोडली ती एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला, मग पेंढारी आले. गावे ओस पडली, पांढरीवर झाडी माजली. इंग्रजांचा अंमल १८१८ मध्ये बसला आणि कॅप्टन ब्रिग्ज कारभार पाहू लागला, तेव्हा त्याला जो खानदेश मिळाला तो अबुल फजलचा नव्हता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात एक नोंद आहे, १८२२ साली जंगली जनावरांनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारल्याची. हा आकडा वाचून वाघ क्रूर झाला होता असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. उजाड गावठाणावर वाढलेली काटेरी झुडपे म्हणजे रान नव्हे. तिथे वाघाला लपायला जागा असते, पण हरणांचे कळप नसतात. मग तो राहिलेल्या गुरांवर येतो आणि गुरांमागच्या गुराख्यावर येतो. जमीन बिघडली की करार मोडतो, आणि तो आधी माणसाच्या बाजूने मोडतो.

त्यावर त्या काळाने जो उपाय काढला त्याचे नाव जेम्स आउट्रम. भिल्ल पलटण उभारायला तो १८२५ साली धरणगावला आला. भिल्लांना त्याने लुटारूचे शिपाई केले, हे त्याचे मोठे काम खरेच. पण १८२५ ते १८३४ ह्या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ ठार केल्याची गणती ठेवलेली आहे. शिवाय २५ अस्वले, १६ बिबटे व चित्ते, १२ रानम्हशी. ह्यांतले १९१ वाघ पडले तेव्हा आउट्रम जातीने हजर होता. एका जिल्ह्यात! आज सबंध महाराष्ट्रातल्या वाघांची मोजदाद साडेचारशेच्या आतबाहेर येते, ती शेजारी ठेवून हा आकडा वाचावा.

वाघ गेले, आणि मग कुऱ्हाड आली. पडीक जमीन वहितीला आणणाऱ्यास सरकारी उत्तेजन होते. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरचा कापूस तुटला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात लोहमार्ग भुसावळला पोचला. रुळांखाली स्लीपर लागतात, स्लीपरला साग लागतो. १८७८ चा जंगल कायदा झाला तेव्हा तोडलेल्या रानाभोवती सरकारने रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या आत पिढ्यान् पिढ्या राहणारा भिल्ल एका दिवसात चोर ठरला. आपण मोगलांना, होळकरांना, पेंढाऱ्यांना जेवढी नावे ठेवतो, तेवढी ह्या कागदी रेघेला ठेवत नाही. रानाचा राखणदार आणि रान ह्यांची फारकत तिने केली. ज्याचे म्हणून काही उरले नाही ते त्याने कां राखावे? विसाव्या शतकाच्या अखेरीस धुळे जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरांचे जे बोडके रूप दिसत होते, ते ह्या फारकतीचे फळ.

आता हत्तीकडे परत येऊ, कारण तो महाराष्ट्रात परत आला आहे. २००२ साली कर्नाटकातून तो दोडामार्गमार्गे सिंधुदुर्गात उतरला. पुढे कोल्हापूरच्या हद्दीत शिरला. २०२१ मध्ये छत्तीसगडाच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत आला. हे पाहुणे हौसेने आलेले नाहीत. मागच्या रानात धरणे झाली, खाणी निघाल्या, वाटा तुटल्या, म्हणून ते नव्या वाटा शोधत निघाले. एका मोठ्या हत्तीला दिवसाकाठी दीडशे किलोपर्यंत चारा आणि शंभरावर लिटर पाणी लागते. रानात ते मिळाले नाही तर तिलारीच्या खोऱ्यातली केळ, माड आणि भात त्याला आयतेच मिळते. एका रात्रीत पंचवीस वर्षांचा माड आडवा होतो, आणि सकाळी बागाईतदार त्याच्यापुढे डोके धरून बसतो. त्याला वन्यजीवांचे महत्त्व सांगायला जाण्याची माझी तरी छाती होणार नाही.

तामिळनाडूत अण्णामलैच्या डोंगरावर वालपराई म्हणून एक पठार आहे. चहाच्या मळ्यांनी वेढलेले. इंग्रजी अमदानीत तिथले वर्षावन तोडून चहा लावला, आणि मध्ये मध्ये रानाचे तुकडे उरले. हत्ती ह्या तुकड्यांतून त्या तुकड्यांत जातात आणि वाटेत मजुरांच्या चाळी लागतात. तिथे निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानच्या अभ्यासकांनी गेली पंचवीसेक वर्षे दोन कामे केली. तणाने गुदमरलेल्या तुकड्यांत देशी झाडांची रोपे लावून ते पुन्हा दाट केले, आणि हत्ती आज कोठे आहेत ह्याची वर्दी संध्याकाळी मजुरांना मिळेल अशी सोय केली. कधी दूरचित्रवाणीच्या पट्टीवर, कधी भ्रमणध्वनीवर, कधी उंचावर लावलेल्या तांबड्या दिव्याने. हत्तीला दिवसा लपायला झाडी मिळाली आणि माणसाला रात्री घरी जाण्याची वाट कळली. त्यातले दुसरे काम पैशाने लवकर होते. पहिल्याला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

हे पहिले काम आपल्या खानदेशात झालेले आहे, आणि ते कोणा परक्या शास्त्रज्ञाने नव्हे, शंभरेक उंबऱ्यांच्या एका पाड्याने केले आहे. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पलीकडे, गुजरातच्या सीमेला टेकून बारीपाडा आहे. १९९० च्या आसपास तिथली स्थिती आजूबाजूच्या कोणत्याही पाड्यासारखी होती. डोंगर उघडे, विहिरी कोरड्या, बाया डोक्यावर हंडे घेऊन कोसभर जाणाऱ्या, मोहाची दारू गाळून दोन पैसे मिळवणारे, आणि पावसाळा सरला की ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला निघून जाणारे पुरुष. त्याच पाड्यातले चैत्राम पवार शिकून नोकरीला न जाता गावात राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली, आणि १९९२-९३ पासून गावाने आपल्या अंगच्या ४४५ हेक्टर रानाची राखण स्वतःकडे घेतली.

त्यांचे नियम ऐकले तर कोणालाही साधे वाटतील. कुऱ्हाड बंद, रानात गुरे सोडणे बंद, सरपण वाळलेले आणि तेही डोक्यावर येईल तेवढेच, बैलगाडी नेणे नाही. तोडणाऱ्याला दंड आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस. राखणदार गावातलेच, त्यांचे पोट गावाने भरायचे. असले नियम सरकारी फलकावर हजार ठिकाणी लिहिलेले असतात. इथे एवढाच फरक पडला की नियम करणारा आणि पाळणारा एकच होता, आणि ज्याला दंड व्हायचा तो दुसऱ्या दिवशी दंड करणाऱ्याच्या पंगतीला बसायचा. १८७८ ची रेघ पुसली गेली असे मी म्हणणार नाही, पण निदान ह्या एका पाड्यापुरती ती पुसट झाली.

मग उतारावर चर खणले, श्रमदानाने नाल्यांना बांध घातले. खानदेशच्या डोंगराचा खडक काळा बसाल्टचा. वर माती आणि झाडी असली तर पाणी त्याच्या भेगांतून मुरते, नसली तर आषाढात पडलेले पाणी श्रावणात सुरतेच्या समुद्रात. झाडांच्या बुडख्यांना आधी धुमारे फुटले. लावण्यापेक्षा राखण्यानेच रान अधिक वाढले, हे मला ह्या गोष्टीतले सर्वांत शिकण्याजोगे वाटते. साग, ऐन, मोह उठले, विहिरींना पाणी आले, भाताचे चांगले पीक येऊ लागले, आणि बाहेर जाणारी माणसे घरी राहू लागली. २००३ साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने बँकॉकला ह्या पाड्याचा गौरव केला. २००४ पासून तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते आणि बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात. कोणती भाजी कधी खुडावी, कोणती दोनदा उकळून पाणी टाकावे, हे ज्ञान रानाबरोबर मरणारच होते, ते रानाबरोबर जगले. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली, तेव्हा धुळ्यात पेढे वाटले गेले. वाटलेच पाहिजेत.

पण रान आले म्हणजे रानातले येणारच. पाखरे येतात, ससा, भेकर येते, मागोमाग बिबट्या येतो. डुकरे मक्यात शिरतात. म्हणजे ज्या पाड्याने तीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन डोंगर राखला, त्यालाच पहिल्यांदा भरपाईचा अर्ज लिहावा लागतो, आणि ज्या गावाने आपला डोंगर विकून खाल्ला त्याच्या मक्याला कोणी तोंड लावत नाही! हा उलटा न्याय मला खुपतो. पिकांच्या आणि गुरांच्या नुकसानीची भरपाई देण्याची सरकारी तरतूद आहे. पंचनामा मात्र वेळेवर झाला पाहिजे आणि पैसा पुढच्या पेरणीच्या आत हातात पडला पाहिजे. माझे म्हणणे असे की रान राखणाऱ्या गावाचा अर्ज सर्वांच्या आधी निघावा, आणि भरपाईखेरीज राखणीचा मोबदला त्याला वेगळा मिळावा. पाणी खालच्या गावाला मिळते, त्याची पट्टी वरच्या गावाने कां भरावी?

जळगावच्या बाजूला हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णेच्या काठी डोलारखेड्याच्या परिसरात वाघ केळीच्या बागांतून वावरतात. तिथल्या वढोदा रानाला २०१४ साली मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले. केळीच्या बागेत उन्हाळ्यातही गारवा असतो, पाणी असते, डुकरे असतात. वाघाला आणखी काय हवे? दिवसा मजूर घड कापतो आणि रात्री तिथेच वाघ बसतो. अबुल फजलच्या चमत्कारिक गोष्टी आठवाव्या असाच हा प्रकार आहे, आणि आजवर हे शेतकरी ज्या शांतपणे वागले त्याचे कौतुक जळगावकरांनाही पुरेसे नाही. उलट बाजूही विसरून चालणार नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी एक बिबट्या नरभक्षक झाला, एकामागून एक माणसे गेली, आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या महिन्यांत तिथल्या बाया कपाशी वेचायला शेतात जायच्या त्या जीव मुठीत धरून.

केळीचा आणि रानाचा संबंध ह्याहूनही खोल आहे. रावेर-यावलच्या बागा ज्या विहिरींवर जगतात त्यांचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी, गोट्यांच्या आणि वाळूच्या पट्ट्यात मुरते. वरचा उतार जसा उघडा पडत गेला तसे खाली पाणी खोल गेले, आणि आज केळीचा बागाईतदार शेकडो फूट नळ्या उतरवतो. १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र सरकारांनी तापीच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला, तो ह्याच पट्ट्यात पाणी मुरवण्यासाठी. कालव्याने मुरवलेले पाणी आणि झाडीने मुरवलेले पाणी ह्यांत भांडण लावण्याचे कारण नाही. पण कालव्याला कोट्यवधी रुपये मोजायची तयारी असताना, यावलच्या अभयारण्यात उतारावरची झाडी कापून नवाड होत राहावी, आणि त्या नवाडकऱ्याला दुसरी भाकर कोण देणार हे कोणीच बोलू नये, हा हिशेब मला उमगत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्क आणि राखणीची जबाबदारी दोन्ही देऊ केली आहेत. बारीपाड्याने कायद्याआधी केले ते पाल आणि वैजापूरच्या पाड्यांना कायद्यानंतर करता यावे.

हत्ती खानदेशात परत येईल असे मला वाटत नाही. बिजागडच्या आणि दोहदच्या कळपांचे वंशज उरलेले नाहीत, आणि आजच्या तापीकाठी तो आला तर रावेरची केळी बघून त्याचा आणि आपला दोघांचाही निभाव लागणार नाही. वाघ मात्र मेळघाटाकडून सातपुड्याच्या कण्यावरून यावल आणि अनेरपर्यंत येऊ शकतो. त्या वाटेवर मध्ये मध्ये जी बोडकी टेकाडे आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या पायथ्याशी एखादा पाडा आहे, आणि त्या पाड्यावर अजून वाघबारस पाळली जाते.